पर्जन्यवृक्षाखालचं लॉन

मुंबईच्या जुन्या सोसायट्यांमध्ये मागच्या अंगाला लॉनचा एखादा उपेक्षित तुकडा असतोच. गेटजवळचं लॉन सगळ्यांचं लाडकं. तिथे पंधरा ऑगस्टला झेंडा लागतो, गणपतीत मांडव पडतो, पाहुण्यांना तेच दाखवलं जातं. मागचा तुकडा मात्र इमारतीच्या आडोशाला, एखाद्या थोराड झाडाखाली पडून असतो. तिथलं गवत आधी उंच आणि किडकिडीत होतं, मग विरळ होतं, आणि जुलैत पाहावं तर गवताच्या जागी शेवाळाचा मऊ हिरवा थर. सोसायटीच्या सभेत दरवर्षी विषय निघतो, माळ्याला बोल लावला जातो, लॉनच्या नव्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, आणायला पैसे मंजूर होतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतही हेच चालत आलं होतं. बागेचं काम माझ्याकडे आल्यापासून मी या तुकड्याकडे लक्ष देऊन पाहते आहे. माळ्याला उगाच दोष देतात, असं माझं आता ठाम मत झालंय. शेवाळालाही उगाच देतात. त्या जागेचं ऊन गेलंय, आणि त्याबद्दल सभेत कुणीच बोलत नाही.

आपल्याकडे लॉन म्हणून लावतात ते गवत बहुतेक वेळा हरळी असतं, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा किंवा तिचं एखादं निवडक वाण. हे गवत कडक उन्हाचं आणि उकाड्याचं. भर उन्हात त्याची अन्न तयार करायची यंत्रणा उत्तम चालते, सावलीत तीच लंगडी पडते. रोज निदान सहा तास थेट ऊन मिळालं तर हरळी दाट, बुटकी आणि चिवट राहते. ओव्हल मैदानावर जाऊन पाहा. एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव एकमेकांत घुसलेले असतात, शेकडो बूट दिवसभर तुडवतात, तरी पाऊस पडला की तिथलं गवत पुन्हा उभं राहतं. आमच्या मागच्या लॉनवर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी होती, कुणी पाऊल ठेवत नव्हतं, तरी गवत मेलं. माळीदादा जौनपूरकडचे, हिंदी-मराठीची सरमिसळ करून बोलतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “मॅडम, धूप नाय तर घास कशी येणार?” त्यांचं म्हणणं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

मग मी विटा मांडल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला उन्हाची कड जिथे असेल तिथे एक एक वीट ठेवत गेले, आणि संध्याकाळी कागदावर नकाशा काढला. ऑक्टोबरात एकदा, फेब्रुवारीत एकदा. कुणालाही करता येईल असं हे काम आहे आणि लॉनवर एक रुपया खर्च करायच्या आधी ते करावं, असं मी सगळ्यांना सांगते. आमच्या नकाशात पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याजवळ जेमतेम तासभर ऊन आलं, तेही पानांमधून गळणारं. मधल्या पट्ट्यात तीन तासांच्या आसपास. कंपाउंडलगतच्या वायव्येच्या पट्टीत मात्र पाच तासांच्या वर.

असं का, हे मुंबईच्या नकाशावरूनच कळतं. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, तोही दक्षिणेला. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेला तिच्या उंचीएवढी लांब सावली पडते. आमची इमारत चार मजली आणि लॉन तिच्या उत्तरेला. म्हणजे थंडीत, आकाश निरभ्र असतं तेव्हा, ते दुपारभर सावलीत. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. ते शून्य सावलीचे दिवस. या दोहोंच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणजे इमारतीच्या मागच्या बाजूला भर दुपारचं ऊन यायला हवं. पण ११ जूनच्या सुमाराला मुंबईत पाऊस येतो आणि मग जुलै संपेपर्यंत आभाळ भरलेलं. वर्षाचं सगळ्यात उदार ऊन ढगांवर पडतं. लॉनच्या वाट्याला त्यातले मेच्या मध्यापासूनचे काही आठवडे येतात, बस.

तरीही पूर्वी हे लॉन तग धरून होतं, ते सकाळच्या उन्हावर. पूर्वेला शेजारची बुटकी इमारत होती, तिच्यावरून आठ-साडेआठला ऊन आत यायचं. तिचा पुनर्विकास झाला आणि तिथे बावीस मजले उभे राहिले. त्या लोकांना मोठी घरं मिळाली, लिफ्ट मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तिथल्या एका आजींना जिना चढताना मी कित्येक वर्षं पाहिलंय. पण आमच्या लॉनचं सकाळचं ऊन त्या दिवसापासून संपलं. मुलुंड, घाटकोपर, चेंबूर, बोरिवली, कुठेही जा, गल्लोगल्ली असंच चाललंय. शहर उंच होतंय आणि दोन इमारतींमधली जमीन सावलीत जातेय. या जमिनीचं काय करायचं, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षं मुंबईसमोर असणार आहे, आणि त्याचं उत्तर ‘पुन्हा लॉनच्या लाद्या’ हे असू शकत नाही.

आता शेवाळाविषयी. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे आधीच सांगते. एप्रिलमध्ये कंपाउंडच्या भिंतीवरचा तपकिरी, वाळून कोळ झालेला शेवाळाचा तुकडा घ्या. बोटांत चुरला तर भुगा होईल असा. त्यावर चमचाभर पाणी टाका आणि भिंग धरून बघत राहा. मिटलेली पानं एकेक करून उलगडतात, बघता बघता हिरवी होतात. पान इतकं पातळ की बहुतेक जागी एकाच पेशीच्या जाडीचं. त्याला मुळं नसतात. तळाशी बारीक तंतू असतात, ते फक्त जमीन धरून ठेवतात. पाणी प्यायचं ते सगळ्या अंगाने. पावसाळा मुरला की त्यातून केसाएवढ्या दांड्या वर येतात, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं बोंड, आणि त्या बोंडात बीजाणूंची धूळ. ही धूळ हवेत सगळीकडे असते. तुमच्या लॉनवरही ती आताच पडलेली आहे. जिथे गवत दाट आहे तिथे तिला जागा मिळत नाही. गवत विरळ झालं, माती उघडी पडली, ओल टिकली, की ती रुजते. म्हणजे गवत आधी जातं, शेवाळ नंतर येतं. सभेत हा क्रम नेहमी उलटा सांगितला जातो.

एक फरक मात्र ओळखायला हवा. मखमलीसारखं, बारीक पानांचं असतं ते खरं शेवाळ. पाऊलवाटेवर आणि पाणी साचतं त्या मातीवर काळपट हिरवा, जेलीसारखा बुळबुळीत थर धरतो तो वेगळा जीव आहे, नॉस्टॉक नावाचा. वयस्कर माणसं घसरतात ती बहुधा याच्यावरून. वाटेवरचा थर खराट्याने आणि काथ्याच्या ब्रशाने घासून काढलाच पाहिजे, त्यात हयगय नको. कमरेचं हाड मोडलं की काय होतं ते आमच्या मजल्यावर आम्ही पाहिलंय.

पण त्यासाठी ब्लीचिंग पावडर फेकू नका. मुंबईतल्या किती सोसायट्यांमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात ही पांढरी पूड फरश्यांवर उधळली जाते! पुढच्या सरीत ती वाहत जाऊन झाडांच्या मुळांशी मुरते आणि मातीतले उपयोगी जीव मारते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हा त्यातल्या त्यात जुना आणि खात्रीचा उपाय. त्याने शेवाळ दोन-चार दिवसांत काळं पडून मरतं, गवताला लोह मिळून ते गडदही दिसतं. पण कोटाच्या फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात, ते निघता निघत नाहीत. आणि मेलेलं शेवाळ खरवडून काढल्यावर खाली उरते उघडी, ओली, सावलीतली माती. म्हणजे पुन्हा शेवाळालाच आमंत्रण. जिथे ऊन आहे आणि गवत ती जागा भरून काढेल, तिथेच हिराकस वापरण्यात अर्थ आहे.

चुन्याचंही तसंच. शेवाळ आलं म्हणजे माती आंबट झाली, चुना टाका, असा सल्ला हमखास मिळतो. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते हे खरं, धो धो पावसाने तिच्यातले क्षार धुऊन जातात. पण सोसायटीची जमीन ही कोकणातली परसबाग नाही. खाली भराव आहे, विटांचे तुकडे आहेत, सिमेंटची ढेकळं आहेत, आणि सिमेंट मातीला उलट्या दिशेला नेतं. आम्ही मातीची तपासणी करून घेतली तेव्हा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH), जवळपास सातवर निघाला, ना आंबट ना खारट. चुन्याची काहीच गरज नव्हती. तपासल्याशिवाय चुना टाकणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर या विषयावर वाचायला गेलात तर बहुतेक सल्ला इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड हवेचा असतो. तिकडे सावलीसाठी फेस्क्यू नावाचं गवत पेरतात. ते थंड प्रदेशातलं, मुंबईच्या मेमध्ये टिकत नाही. तिकडे शेवाळ हिवाळ्याच्या ओलीत फोफावतं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात, ढगांखाली, सावलीत जमिनीची दुरुस्ती करता येत नाही. ती करायची ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर माती वाफशावर आली की, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी झाली की.

त्या ऑक्टोबरात आम्ही काय केलं ते सांगते, कारण त्याचा फरक डोळ्यांना दिसला. माळीदादांनी मधल्या पट्ट्यात एक मोठा स्क्रू ड्रायव्हर मातीत दाबून पाहिला. बोटाच्या एका पेराएवढा गेला आणि अडला. टॉवरच्या कामाच्या वेळी मजूर तिथूनच ये-जा करत होते, केबलवाल्यांनी दोनदा चर खणून बुजवला होता. माती दगडासारखी दबलेली, पाणी वरच्या वर साचणार, मुळांना हवा नाही. मग पहारीने वीतभर अंतरावर खोल भोकं पाडली आणि त्यांत नदीची वाळू आणि चाळलेलं शेणखत भरलं. खाडीची वाळू चालत नाही, तिच्यात मीठ असतं. झाडाच्या मोठ्या मुळांपासून पहार लांब ठेवली.

पाण्याचा तर वेगळाच घोळ होता. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा एक पाइप थेट या लॉनवर सुटलेला, आणि वरच्या मजल्यांच्या एसीचं पाणी दिवसरात्र एकाच कोपऱ्यात ठिबकत होतं. उन्हाळ्यात सगळी बाग सुकलेली आणि हा कोपरा मात्र बारा महिने ओला. शेवाळ तिथूनच सुरू व्हायचं. गच्चीचा पाइप गटाराकडे वळवला. नळीचं पाणी रोज संध्याकाळी द्यायचे ते बंद करून आठवड्यातून दोनदा, सकाळी, असं ठरवलं. आणि गवत कापायची उंची वाढवली, तीन इंचांच्या खाली नाही. सावलीतल्या गवताकडे ऊन पकडायला पातंच असतं, तेच भादरून टाकलं तर ते जगणार कशावर? खतही कमी केलं. युरियाने सावलीतलं गवत नुसतं लुसलुशीत वाढतं आणि आडवं पडतं.

एवढं करून वायव्येची पट्टी छान भरली, हरळीनेच. मधल्या पट्ट्यात रुंद पात्याचं कार्पेट ग्रास लावलं. ते दिसायला राठ, त्याला हरळीची नजाकत नाही, पण सावली सोसतं. बुंध्याखाली मात्र काहीही करून गवत येणार नव्हतं, आणि खरा वाद तिथेच झाला.

सभेत सेक्रेटरी म्हणाले, “काकू, झाडाच्या चार-पाच मोठ्या फांद्या उतरवल्या तर ऊन येईल ना?” माणूस चांगला आहे, सोसायटीसाठी राबतो. पण हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो पर्जन्यवृक्ष इमारतीच्याही आधीचा आहे. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण मुंबईने त्याला केव्हाच आपलं म्हटलंय. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, आभाळ दाटून आलं तरी मिटतात, आणि मग पाऊस पानांवर न अडता सरळ खाली येतो. मे महिन्यात डांबरावर पाय ठेववत नाही तेव्हा वॉचमनदादा, भाजीवाली मावशी, शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं, सगळी त्याच्याच खाली असतात. मी सेक्रेटरींना विटांचा नकाशा दाखवला. झाड पूर्ण नसतं तरी बुंध्याजवळच्या जागेला टॉवरमुळे सकाळचं ऊन मिळालं नसतं आणि आपल्याच इमारतीमुळे थंडीतलं दुपारचं. म्हणजे फांद्या जायच्या आणि लॉनही यायचं नाही.

शिवाय फांदी तोडणं हा सोसायटीच्या मर्जीचा विषय नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली त्याला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, आपल्या आवारातलं झाड असलं तरी. ती घेऊन आम्ही खालच्या सुकलेल्या आणि जिन्याच्या खिडकीला लागणाऱ्या बारक्या फांद्या तेवढ्या जाणकाराकडून काढून घेतल्या. तिरपं ऊन थोडं आत आलं. एका बाजूने ओरबाडलेलं झाड तोल जाऊन वादळात पडतं. दर जूनमध्ये मुंबईत पडणाऱ्या कितीतरी झाडांची गोष्ट अशाच छाटणीपासून सुरू झालेली असते.

दुसरा प्रस्ताव प्लास्टिकच्या गवताचा होता. कायम हिरवं, पाणी नको, माळी नको. मी त्याला कडाडून विरोध केला आणि आजही करीन. झाडाच्या मुळांवर प्लास्टिकची चादर घालायची, पावसाचं पाणी आणि हवा अडवायची, पाचोळा मातीत जाऊ द्यायचा नाही, हे त्या झाडावर किती मोठं संकट! आणि ज्यांना शेवाळ नको म्हणून हे हवंय त्यांना एवढंच सांगते, सावलीत आणि ओलीत प्लास्टिकच्या गवतावरही शेवाळ येतं. दुसऱ्या एका सोसायटीत ते मी पाहिलंय.

उत्तर मला सापडलं ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. जुलैत कान्हेरीकडे चालत जा आणि झाडांखालची जमीन पाहा. गवत आहे ते माळावर, मोकळ्यावर, रस्त्याच्या कडेला. दाट झाडीखाली नाही. तिथे रानहळद आहे, गोल गोल फिरत वर चढणारा पेव आहे, नेचे आहेत, कातळावर आणि बुंध्यांवर शेवाळ आहे, आणि मध्ये मध्ये नुसता कुजलेला पाचोळा. कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही, दरसाल लाद्या आणत नाही. मुंबईच्या पावसाला आणि मुंबईच्या सावलीला काय मानवतं, ते मुंबईच्याच पोटातल्या जंगलाने केव्हाचं मांडून ठेवलंय.

म्हणून बुंध्याभोवतीची जागा आम्ही लॉनच्या हिशेबातून काढून टाकली. खोडाभोवतीचं काँक्रीटचं कडं फोडलं. मेअखेरीला हळद, आंबेहळद, पेव आणि नेचे लावले, सगळे नर्सरीतून आणलेले. उद्यानातून कंद उपटून आणणं बेकायदा आहे आणि पापही. एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात सोनटक्का लावला. त्याला ओलही आवडते आणि अर्धी सावलीही. भाद्रपदात तो फुलला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी संध्याकाळी खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली, आणि लॉनसाठी सगळ्यात जास्त भांडणारे तेच होते. दगडांच्या कडेने शेवाळ आहे तसं राहू दिलंय. तिथून कुणाची वाट जात नाही.

एक अडचण उरलीय. दिवाळीनंतर हळद पिवळी पडते, पानं वाळून कंद जमिनीत झोपतात, आणि पावसाळ्यापर्यंत तिथे काहीच दिसत नाही. तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच, बाग मेली का म्हणून. त्या काळात आम्ही पर्जन्यवृक्षाचाच पाचोळा तिथे वीतभर जाड पसरून ठेवतो. त्याने माती उघडी पडत नाही, ओल टिकते, आणि झाडाचं ते झाडाला परत मिळतं. फक्त झाडलोट करणाऱ्या दादांना हा कचरा वाटतो, ते तो मनापासून गोळा करून कचऱ्याच्या गाडीत घालतात. त्यामुळे जानेवारी ते मार्च मी सकाळी गाडी यायच्या आधी खाली जाऊन बसते.